काकूंनी वीणा घेतली

टेकाडावरची वस्ती
भाद्रपद पौर्णिमा, 7 सप्टेंबर 2025

प्रिय मास्तर,

आज ग्रहण. दुपारपासून वेध लागलेत, आईनं चूल बंद केली आहे आणि होडीही बांधून ठेवली आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय. तुला फोन केला की मागं मशीनचा आवाज येतो, तू "नंतर बोलू" म्हणतोस आणि ते नंतर काही येत नाही. तसंही ही गोष्ट फोनवर सांगायची नाहीच. काकूंनी, म्हणजे तुझ्या आईनं, मला बजावून ठेवलंय, "त्याला कळवू नको, उगं घोर लावून घ्यील." तरी कळवतोय. तुझ्याशिवाय कोणाला सांगितलं तर त्यातलं निम्मं त्याला लागणारच नाही.

तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. आईचे गुडघे आहेत तसेच. माझी साखर गोळीवर आहे. काकूंचा मोतीबिंदू दिवाळीनंतर बघू म्हणतात.

तर, सप्त्याच्या तिसऱ्या रात्री काकूंनी वीणा घेतली. दोन ते चारचा पहारा. आपला.

नीट सांगतो. यंदा पाणी लवकर आलं. जुलैअखेरीला जायकवाडी धरणाची दारं उघडली तोवर इकडं ओढ्यावरची वाट बुडाली होती, म्हणजे सप्ता बसायच्या आधीच आपण बेट झालो होतो. सडकेवर राहायला गेलेली मंडळी दिवसा येत होती, हरिपाठाला, कीर्तनाला, पंगतीला, आणि शेवटच्या फेरीनं परत जात होती. त्यांचंही चुकत नाही, सकाळी कोणाची डेअरी, कोणाची पोरांची शाळा. पण रात्रीचे सगळे पहारे टेकाडावरच्या माणसांवर आले. टेकाडावर कोण उरलंय ते तू जाणतोस. दिवसरात्रीचे बारा पहारे, दोन-दोन तासांचे, आणि वीणा एकदा उभी राहिली की काला होईपर्यंत भुईला टेकवायची नाही. एकेकाळी यादीत नाव यावं म्हणून माणसं रुसायची. तुझ्या वडिलांनी दोन ते चार आपल्या दोघांना लावून दिले होते, कारण ती वेळ सगळ्यात जड आणि पोरांनी जड तेच उचलावं असं त्यांचं म्हणणं. तू टाळ वाजवता वाजवता उभ्यानं घोरायला लागलास आणि तरी टाळ चुकला नाही, ते हवालदारमामा अजून कीर्तनकाराला सांगतात.

त्या रात्री बारा ते दोन हवालदारमामांचा पहारा होता आणि पुढचा माझा. पण पावणेबाराला मधल्या घरच्या सुनेला कळा सुरू झाल्या. होडी मीच घालतो हल्ली, भोयांचा म्हातारा गेल्यापासून. तिला, तिच्या सासूला आणि आशाताईंना घेऊन निघालो. वारा उलटा होता, सडकेवर गाडी मिळायलाही वेळ गेला. (मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.) इकडं दोन वाजले. माझा पुतण्या टाळ घेऊन उभा होता, पण त्याला अजून वीणा झेपत नाही, वय दहा. मामा उभेच. त्यांच्या पायांना सूज आहे ते तुला ठाऊक आहे. मंडपात तिसरं माणूस काकू, नंदादीपाला तेल घालायला उठलेल्या. मामा सांगतात, त्यांचा तोल जायला लागला तेव्हा काकूंनी हात धुतले, डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि समोर येऊन उभ्या राहिल्या. मामांनी क्षणभर पाहिलं. मग रीतीप्रमाणं दोघं एकमेकांच्या पाया पडले आणि मामांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली.

मी परत येत होतो. साडेतीनचा सुमार. पाणी चढलेलं असलं की टेकाडावरचा आवाज पार मधोमध ऐकू येतो, आठवतं ना? वीणा ऐकू आली तेव्हा वाटलं, मामाच उभे आहेत, आणि मी वल्हं जोरात ओढायला लागलो. मग गळा ऐकू आला. बाईचा. मास्तर, तुझे वडील गेल्यापासून काकू गायल्या नव्हत्या. महालक्ष्म्यांपुढं आरतीलासुद्धा नुसत्या ओठ हलवायच्या. आणि त्या रात्री जनाबाईचे अभंग एकामागून एक चालले होते, जात्यावर म्हणायच्या त्या चालीत. वल्हं कधी थांबवलं मला कळलं नाही. होडी वाऱ्यानं भिवधानोऱ्याच्या अंगाला सरकली तेव्हा भानावर आलो.

मंडपात जाऊन वीणा मागितली तर मान हलवून नको म्हणाल्या. चारला काकड्याची मंडळी आली तेव्हाच दिली.

सकाळी वार्ता पाण्यापलीकडं गेली आणि दहाच्या फेरीला होडी भरून माणसं आली. बाईनं वीणा घेतली म्हणजे सप्ता खंडित झाला, असं एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं उचललं. कोण ते लिहीत नाही, तुला न लिहिताही कळेल. मामा एरवी चार माणसांत बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "खंडित तर दोन वाजताच झाला असता. मी पडलो असतो, वीणा पडली असती. मग काय केलं असतं तुम्ही सडकेवरून?" त्यावर कोणी बोललं नाही. कीर्तनकार बुवांना विचारलं तर त्यांनी संध्याकाळी कीर्तनातच उत्तर दिलं. म्हणाले, बहिणाबाईंचा जन्म देवगावचा आणि समाधी शिऊरला, तुमच्या शेजारच्या तालुक्यात. जनाबाई गंगाखेडच्या, याच गोदावरीच्या काठच्या. ज्यांचे अभंग रोज म्हणता त्या इथं आल्या तर वीणा द्याल की नाही? आणि उठून काकूंना नमस्कार केला. काकू तेव्हा भाकरीच्या परातीपाशी होत्या. त्यांनी बुवांकडं पाहिलंसुद्धा नाही, शेजारणीला म्हणाल्या, "पीठ संपलं माय, अजून एक पायली काढा."

मला वाटलं मिटलं. मिटलं नाही, आणि माझा खरा घोर इथून पुढं आहे.

काल्याच्या पंगतीनंतर हिशेबाची वही निघाली, तेव्हा सडकेवरच्यांनी सांगितलं की पुढल्या वर्षापासून सप्ता सडकेवर घेऊ. सभामंडप पक्का आहे, लाइट आहे, स्वयंपाकाला आचारी लावू, पहाऱ्याला माणसं मिळतील. "टेकाडावर आता पहाऱ्याला बाया उभ्या करायची पाळी आली," हे वाक्य त्यातच आलं. ते मला लागलं. काकूंनी जे केलं त्यानं सप्ता वाचला, आणि तेच कारण पुढं करून सप्ता हलवायचा?

तू म्हणशील, हलला तर हलला, देव दोन्हीकडं आहे. सराल्याच्या बेटाचा सप्ता दरवर्षी नव्या गावाला जातोच की. जातो. गावोगावच्या भाकरी ट्रॉल्या भरून येतात, आमटीच्या कढया लागतात, आपणही भाकरी पाठवतो. पण सराल्याला मठ आहे, गादी आहे, लाखो माणूस आहे, तो सप्ता कुठंही बसला तरी बेट बेटच्या जागी राहतं. आपलं तसं नाही. आपली वही उघडून बघ, तुझ्या वडिलांच्या अक्षरातली पहिली पानं. वर्गणी निम्मी देवाची, निम्मी होडीची. होडीचं डांबर, दोर, नव्या फळ्या, पलीकडच्या काठावरचा दिवा, सगळं सप्त्याच्या वर्गणीतून. गिरणीचं दळण कोणी कोणत्या वारी आणायचं, औषधाची चिठ्ठी कोणाकडं द्यायची, पोरांना शाळेला सोडायची पाळी कोणाची, हे सगळं काल्याच्या दिवशी पारावर ठरतं, वर्षभरासाठी. सप्ता सडकेवर गेला की वर्गणी तिकडं जाईल. मग एका पावसाळ्यात होडीची फळी सुटेल आणि पोरं थर्माकोलच्या चप्पूवर बसून शाळेला जातील, बाकीच्या वस्त्यांवर जातात तशी. दर पावसाळ्यात पेपरात फोटो येतात ना, ती पोरं आपली असतील.

मी टेकाडाला कवटाळून बसलेलो नाही. पूल पाहिजे, रस्ता पाहिजे, पुनर्वसनाचे प्लॉट सगळ्यांना मिळाले पाहिजेत, अर्जावर माझीही सही आहे. ज्या दिवशी शेवटचं घर उतरेल त्या दिवशी मारुती मी स्वतः डोक्यावर घेईन, तुझ्या वडिलांनी जुन्या गावातून घेतला होता तसा. शास्त्रीजींनी 1965 साली पैठणला धरणाचा पाया घातला तेव्हा तुझे वडील शाळेत होते आणि 1976 साली इंदिराबाई उद्घाटनाला आल्या तोवर आपलं गाव पाण्याखाली होतं, हे ते किती वेळा सांगायचे! पण माणसं उतरायच्या आधी सप्ता उतरवायचा, हे मला पटत नाही. इथं अजून चुली पेटतात. पाणी ओसरलं की गाळपेऱ्यातला हरभरा इथलीच माणसं काढतात. धरण काठोकाठ भरून 1522 फुटांवर पाणी टेकलं की त्यांनाच रात्री झोप येत नाही.

हे लिहिताना देवळाच्या पायरीशी ती जात्याची तळी दिसते आहे. 2016 च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि जुन्या गावाच्या भिंती उघड्या पडल्या तेव्हा आपण दोघांनी खांद्यावरून आणली ती. तुझं म्हणणं ती तुमच्या वाड्यातली, माझं म्हणणं आमच्या ओसरीवरची, आणि काकू म्हणाल्या दोघांच्याही घरची नाही, कुंभाराची आहे. तेव्हापासून तीन महिने बोलला नव्हतास. माझं म्हणणं आजही तेच आहे, पण काकू त्या तळीवर बसून भाजी निवडतात, तेव्हा ताबा तुमच्याकडं आहे असं धरून चाल.

दुसरं भांडणही काढतोच, कारण ते या पत्रात नाही काढलं तर कधी काढणार. मागच्या पोळ्याला तू फोनवर म्हणालास की तुम्ही लोकांनी माझ्या आईला बेटावर अडकवून ठेवलंय. मास्तर, त्यांना कोणी अडकवलेलं नाही. तू चाकणला बोलावतोस, त्या जातात, बाल्कनीत तुळस लावून येतात आणि परत येतात. त्यांना तिकडं नेऊच नको असं मी म्हणत नाही. मोतीबिंदू तिकडंच कर, महिना-दोन महिने ठेव, सूनबाईंनाही बरं वाटेल. पण त्या रात्री तो गळा तू ऐकला असतास तर अडकवलं हा शब्द तुझ्या तोंडून निघाला नसता.

आता काम सांगतो. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन झाल्यावर पारावर बैठक आहे, सप्ता कुठं ते ठरवायला. माझं मागणं दोन गोष्टींचं. टेकाडावर एक जरी चूल पेटती असली तरी सप्ता टेकाडावर. आणि पहाऱ्याच्या यादीत बायांची नावं रीतसर घालायची, अडचण आली म्हणून उभी केलेली बाई अशी नाही. माझी आई तयार आहे, मधल्या घरची सासू तयार आहे, पुतणीला तर आत्ताच वीणा शिकायची आहे. पहारे भरतात, मी मांडून पाहिलंय. हे मी बोललो तर टेकाडावरचा माणूस टेकाडाचं बोलणारच, असं म्हणतील. वीणा तुमच्या घरची आहे. तुझ्या आजोबांनी पैठणहून नाथषष्ठीला आणलेली. तू उभा राहून म्हणालास की माझ्या आईचं नाव यादीत घाला, तर त्याला उत्तर नाही कोणाकडं.

काकूंना विचारलं होतं मी. "मला मान नगं," म्हणाल्या. "पण मामा पडत व्हते अन् माझे हात रिकामे व्हते." मग थोड्या वेळानं, "पुढल्या साली ते तेल आधीच भरून ठिवा, मधीच उठावं लागतं." म्हणजे पुढल्या सालचा विचार चालू आहे त्यांचा.

बुधवार आहे, गुरुवारी तुझी सुट्टीच असते, तेव्हा एक रजा काढली की झालं. संभाजीनगरच्या गाडीनं कायगाव टोक्याला उतर, पुढं मी घ्यायला येतो. एकादशी आहे, आई भगर आणि शेंगदाण्याची आमटी करेल, तुला आवडते तशी तिखट. ताईची बारावी आहे हे लक्षात आहे, क्लासची फी भरली का? हप्त्यांचं काय झालं तेही भेटल्यावर सांग, आणि पाठदुखीला पट्टा वापर रे बाबा. सूनबाईंना नमस्कार.

येताना पुण्यातून वीणेच्या तारा आण, दोन जोड. काल्याच्या दिवशी एक तुटली ती मी इकडची तिकडची लावून भागवली आहे, पण जव्हारीत घरघर येते. नमुना म्हणून तुटलेला तुकडा पाकिटात घातलाय.

तुझाच,
नाना