फाइव्हजीचा टॉवर ‘झोत’ मारतो म्हणजे काय?

मा. संपादक साहेब,

फाइव्हजी टॉवरवर तुमच्या पेपरात जी बातमी आली त्यात लाल किरणांचं चित्र आणि खाली ‘थेट घरावर झोत’, झालं, ते कात्रण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय आणि गच्चीवरचा बॉक्स उतरवा म्हणून सह्या सुरू. लोकांना भीती वाटते ते समजू शकतो, पण तो बॉक्स करतो काय हे तरी छापा की.

तो बॉक्स म्हणजे अँटेनांचं चपटं पॅनल, त्याच्या आत काहीच फिरत नाही. फाइव्हजी ज्या 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, तिची तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर, त्यामुळे छोटे छोटे अँटेना रांगेने भरपूर बसतात, मोठ्या पॅनलमध्ये 64 ट्रान्समीटर असतात, आणि सगळ्यांना एकच सिग्नल पण फेज (म्हणजे लाटेच्या चढउताराची वेळ) किंचित मागेपुढे करून दिला की एका दिशेला लाटा एकमेकींत मिसळून जोर वाढतो, बाकीकडे एकमेकींना खाऊन टाकतात. हेच बीमफॉर्मिंग, म्हणजे हव्या त्या दिशेला झोत (बीम) तयार करणं. आयडिया जुनीच आहे, जर्मनीत फर्डिनांड ब्राऊननी 1905 साली तीन अँटेना घेऊन करून दाखवलेली, फक्त आता फेजचं गणित चिप करते, तेही मिलिसेकंदात.

आणि बीम एकच नसतो बरं का. त्याच पॅनलमधून, त्याच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी वेगवेगळ्या फोनना वेगवेगळे बीम जातात, म्हणून तर गर्दीतही नेट तग धरतं. कुठे पाठवायचा ते फोनकडून येणाऱ्या सिग्नलवरून कळतं, गल्लीबोळात तर समोरच्या भिंतीवर आपटून येणारा रस्तापण वापरला जातो, आणि फोनचं काम झालं की बीम दुसऱ्याकडे.

आता हेही खरं की बीम जिकडे असेल तिकडे तेवढ्यापुरती तीव्रता जुन्या पसरट अँटेनापेक्षा जास्त असू शकते. त्यामुळे मीटर घेऊन दोन मिनिटं गच्चीवर उभं राहून काढलेल्या आकड्याला अर्थ नाही, त्या वेळी कोणी डाउनलोड करत नसेल तर तो कमीच येणार! आपल्याकडे 2012 मध्ये रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, ती पाळली जाते का हे फोनवर डेटा जोरात चालू ठेवून मोजायला लावा आणि रिपोर्टची कॉपी मागा. सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती मिळते, मोजणीसाठी फी भरून अर्जही करता येतो, सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी आधी तेवढं करावं.

– एक वाचक, ठाणे