विमागणिताला भाषेचा पेपर हवाच

मा. संपादक महोदय,
स. न.

माझी भाची अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा देते आहे. (विम्याचा हप्ता किती असावा, कंपनीनं किती रक्कम राखून ठेवावी, याचे हिशेब करणारी ही मंडळी.) संख्याशास्त्राचे पेपर तिनं झपाझप पार केले आणि अडली कुठे, तर 'सीपी3'मध्ये, म्हणजे कम्युनिकेशन्स प्रॅक्टिसमध्ये. "मामा, पत्र लिहिण्याची कसली परीक्षा? नोकरीत शिकेन की!" असं ती चिडून म्हणते. हा पेपर मुळात असावाच कशाला, असं तिच्या बरोबरीच्या मुलांचंही मत. मला ते पटत नाही.

मी 30 वर्षं विम्याच्या काउंटरवर बसलो. एकदा रावपुऱ्यातल्या एक काकू बोनसचं पत्र घेऊन आल्या. पॉलिसी एक लाखाची, बोनस हजारी 40, म्हणजे त्या वर्षाचे 4,000 रुपये. ते आज हातात मिळणार म्हणून बाईंनी बाजाराची पिशवीसुद्धा बरोबर आणली होती. हा बोनस पॉलिसीवर साठत जातो आणि मुदत संपल्यावर किंवा विमेदाराच्या मृत्यूनंतरच मिळतो, हे पत्रात होतं. पण 'रिव्हर्शनरी' या एका शब्दात! आकडा अगदी बरोबर होता. भर उन्हातून आलेल्या काकूंना परत पाठवायचं काम मात्र माझ्याकडे आलं.

सीपी3 मध्ये नेमकं हेच करायला सांगतात: विमागणित न शिकलेल्या माणसाला कळेल असं लिहा. भाचीचा सरावाचा मसुदा मी वाचला. पहिल्याच परिच्छेदात 'डिस्काउंट रेट' (पुढे मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत काढण्याचा दर). विचारलं, "कशावर सूट देताय?" आधी हसली, मग गप्प झाली.

माझी तक्रार वेगळीच आहे. हा पेपर इंग्रजीत असतो, आणि काकू घरी मराठी बोलतात, बँकेत गुजराती. ज्या बडोद्यात 1931 साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा कोश निघाला, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत मांडले गेले, तिथल्या माणसाला ही उणीव खटकणारच. ही परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियानं एखादा प्रश्न तरी उमेदवाराच्या पसंतीच्या भारतीय भाषेत ठेवावा. तपासनीस शोधावे लागतील, खर्च वाढेल, कबूल.

भाचीला हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे आता मराठीतही नापास व्हायचं का मी?"

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे