एल असेबोच्या ओस्पितालेरा ताईंना, आगाशीहून

प्रिय ताई,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही, एवढं त्या एका रात्रीच्या ओळखीतही कळलं. माझी पुतणी हे पत्र स्पॅनिशमध्ये उतरवून तुमच्या पॅरिशच्या पत्त्यावर धाडणार आहे. मी मराठीत लिहितेय ते आमच्या माणसांसाठी. आगाशीत, नंदाखालला, पापडीला, मुंबईत ज्यांच्या मनात कामिनो, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला संत जेम्सच्या कबरीपर्यंतची पायी यात्रा, चालायचं घोळतंय त्यांना कळायला हवं की डोंगरउतारावरच्या एल असेबो या दगडी गावात आम्हाला कोण भेटलं, आणि ओस्पितालेरा म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या घरात सेवा करणारी स्वयंसेविका कशी असते.

आम्ही सहा जण होतो. आमच्यातल्या मावशी तुम्हाला नक्की आठवत असतील. पासष्टी ओलांडलेल्या, निळा रेनकोट, मनगटाला गुंडाळलेली रोझरी. आमच्या गावचं चर्च संत जेम्सचं आहे. तुम्ही ज्यांना सांतियागो म्हणता तेच आमचे आश्रयदाते संत, २५ जुलैचा सणही तोच. मावशींचा बाप्तिस्मा त्या चर्चमध्ये झाला, लग्न तिथेच लागलं, त्यांच्या यजमानांची, आमच्या काकांची, शेवटची मिस्साही तिथेच झाली. काका गेल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला: संताच्या कबरीपाशी चालत जायचं. सगळा रस्ता त्यांच्या वयाला जड गेला असता म्हणून आम्ही लेओनपासून सुरुवात केली. तिथून सांतियागो साधारण ३०० किलोमीटर.

निघण्याआधी आमच्या शेजारचे एक वारकरी काका भेटायला आले होते. ते वर्षानुवर्षं आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. त्यांनी मावशींना एकच गोष्ट बजावली होती: पोटाला कमी मिळालं तरी चालेल, पाय ओले राहू देऊ नका. ओल्या पायाला फोड येतो, फोड फुटला की माणूस लंगडतो, लंगडला की गुडघा जातो.

त्या दिवसाचा राग अजून मनातून गेलेला नाही, तो आधी सांगून टाकते. मुंबईतल्या ज्या माणसाने आमचा प्रवास ठरवून दिला, त्याने प्रत्येक मुक्कामाचे पैसे आगाऊ घेतले होते. त्याच्या जाहिरातीत ‘श्रद्धाळूंची सेवा’ असे शब्द आहेत. ‘काकी, सगळं बुक आहे, तुम्ही फक्त चाला,’ हे त्याचं पालुपद. वाटेवरच्या लोखंडी क्रूसाच्या अलीकडच्या गावात आम्ही भिजून पोचलो, तर तिथल्या मालकाच्या यादीत आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. फोन लावला, तो वाजत राहिला. मेसेज केला, त्याने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढे काहीच नाही. घरी परतल्यावर त्याने आम्हालाच समजावलं की परदेशात असं होतंच. होत असेल. पण फोन उचलायला कुठल्या देशाची परवानगी लागते?

त्या मालकाकडे जागा नव्हती, हे मी समजू शकते. खाटा भरल्या की भरल्या. पण मावशींनी पडवीतल्या बाकावर दहा मिनिटं बसू का म्हणून खुणेने विचारलं, तर त्याने फरशीकडे बोट दाखवून मान हलवली. फरशी ओली होईल म्हणून. म्हातारी बाई दारात उभी आहे, पाऊस कोसळतोय, आणि माणसाला फरशी दिसते. मला ते आजही सहन होत नाही.

मग आम्ही पुढे निघालो, दुसरं करणार काय? क्रूसापाशी फार थांबता आलं नाही. सुमारे १५०० मीटर उंचीवरची ती जागा, उंच लाकडी खांबावर लहानसा लोखंडी क्रूस, आणि खाली यात्रेकरूंनी घरून आणून ठेवलेल्या दगडांची रास. मावशींनी आमच्या वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठचा एक दगड काकांच्या नावाने आणला होता. तो त्यांनी वाऱ्यापावसात कसाबसा वर चढून ठेवला, ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हटली आणि खाली उतरल्या. पुढची वाट तुम्हाला माहीतच आहे. मांहारीनला थांबण्यासारखं काही नाही, आणि मग पाटीच्या दगडाचा तो निसरडा उतार. मावशींच्या बुटांतून पावलागणिक पाणी पचपचत होतं, मागून चालताना मला ते ऐकू येत होतं.

तुमच्या दारावर जागा भरल्याची पाटी होती. तरीही आम्ही दार वाजवलं. तुम्ही दार उघडलंत आणि तुमची नजर सरळ मावशींच्या पायांवर गेली. कुठून आलात, किती जण आहात, पासपोर्ट कुठे, यातलं काही विचारायच्या आधी तुम्ही त्यांना आत घेऊन खुर्चीवर बसवलंत आणि समोर गुडघे टेकलेत. नाडीची गाठ भिजून आवळली होती, बोटांनी सुटेना. तुम्ही टेबलावरचा जेवणाचा काटा घेतलात आणि त्याच्या टोकाने ती गाठ हळूहळू सोडवलीत, आधी एक बूट, मग दुसरा. मावशी संकोचून पाय मागे घेत होत्या. आमच्याकडे कुणी परक्या बाईने आपल्या पायाला हात लावला तर जीव अर्धा होतो. तुम्ही त्यांच्या पोटरीवर हात ठेवून त्यांना थोपवलंत.

मग जेवणाची टेबलं भिंतीला लागली आणि जमिनीवर आमच्यासाठी गाद्या पडल्या. मसुराचं गरम सूप, पाव, कोशिंबीर. आधीपासून आलेल्या यात्रेकरूंनी आपापल्या ताटल्या सरकवून आम्हाला जागा करून दिली. आम्ही पिशवीतून सुकेळी काढली. आमच्याकडच्या राजेळी केळ्यांची, उन्हात सुकवलेली. तुम्ही एक तुकडा खाल्लात आणि दुसरा रुमालात बांधून ठेवलात. रात्रीच्या प्रार्थनेत सगळ्यांनी आपापल्या भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणावी असं तुम्ही सुचवलंत, तेव्हा मावशींनी मराठीत म्हटली, तीही खणखणीत आवाजात. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते याच्या पुढच्या गोष्टीसाठी. ती मी पाहिली, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

रात्री दोनच्या सुमारास मी उठून बाहेर आले. पडवीत, जिथे सगळ्यांनी बूट ठेवायचे असतात त्या फळ्यांपाशी, तुम्ही बुटक्या स्टुलावर बसला होतात. कपाळाला बॅटरीचा दिवा, शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, पायाशी बादली. मांडीवर मावशींचा बूट. तुम्ही त्यातून कागदाचा बोळा बाहेर काढलात, मुठीत दाबून पाहिलात, तो ओलाचिंब होता, बादलीत टाकलात. नवा कागद फाडलात, चुरगाळलात, बुटाच्या टोकापर्यंत बोटांनी दाबून बसवलात. मग जीभ बाहेर ओढून तिच्यामागे आणखी एक घडी. आतले तळवे काढून भिंतीला टेकवून ठेवलेले होते. नाड्या तारेवर चिमट्यांनी लटकत होत्या, सगळ्या एका रांगेत. आम्हा सहा जणांचे मिळून बारा बूट, आणि त्यातले निम्मे तुमचे करून झाले होते.

चार पावसाळे वाडीत काढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं की चामडं चुलीजवळ ठेवून वाळवायचं नाही, ते तडकतं आणि तळाचा गोंद सुटतो. कागदाने पाणी शोषून घ्यायचं, आणि कागद भिजला की तो बदलायचा. बदलला नाही तर सकाळी बूट तितकाच ओला. म्हणजे कुणीतरी रात्रीतून उठायला हवं. जेवण आवरून, भांडी घासून तुम्ही अकरा वाजेपर्यंत जाग्या होतात. पहाटे साडेपाचला कॉफीचा वास आला तेव्हाही तुम्हीच स्वयंपाकघरात होतात. मधल्या तासांतून तुम्ही हे काढलंत, तेही न सांगता. मी तशीच आत परतले. तुम्हाला पाहिल्याचं जाणवू द्यावंसं वाटलं नाही.

सकाळी बूट फळीवर ओळीने लागलेले होते. आत कागद नाही, नाड्या पुन्हा ओवलेल्या. आमच्या लोकांना वाटलं, हवा कोरडी असेल म्हणून वाळले. मावशींनी पाय आत घातला आणि म्हणाल्या, ‘अगं, कोरडे आहेत!’ आणि तुम्ही त्यांना कॉफी ओतून दिलीत, जणू तुमचा त्याच्याशी काही संबंधच नाही.

ताई, त्या कोरड्या बुटांनी काय केलं ते तुम्हाला कळायला हवं. तुमच्या गावापासून मोलिनासेकापर्यंतचा उतार सगळ्यात वाईट, तीव्र आणि दगडगोट्यांचा. आदल्या संध्याकाळी आमचं जवळपास ठरलं होतं की मावशींना पोनफेरादाला नेऊन तिथून बसने पुढे पाठवायचं. त्यांनी स्वतःच तसं म्हटलं होतं, आणि म्हणताना भिंतीकडे पाहत होत्या. सकाळी कोरडे बूट घालून त्या उठल्या, काठी घेतली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. पाय सुजलेले होते, पण फोड नव्हता. मोलिनासेकाच्या जुन्या दगडी पुलावरून त्या आपल्या पायांनी गेल्या. पोनफेरादाला बसस्टँडची चौकशीही कुणी केली नाही.

पुढे ओ सेब्रेइरोला चर्चजवळ फादर एलियास वालिन्या यांचा अर्धपुतळा पाहिला. तिथले हे धर्मगुरू १९८० च्या दशकात पिवळ्या रंगाचे डबे घेऊन निघाले आणि वाटेवर बाण रंगवत गेले, तेव्हा ही वाट जवळजवळ विसरली गेली होती. आज त्याच बाणांच्या मागे जग चालतंय. २०२४ मध्ये सांतियागोला जवळजवळ ५ लाख यात्रेकरूंची नोंद झाली. सारियापासून शेवटच्या शंभरेक किलोमीटरला तर रस्त्यावर माणूसच माणूस. एवढी वर्दळ असली की माणसं आकडे होतात, आमच्या त्या मुंबईच्या माणसासाठी आम्ही झालो होतो तशी. तुम्ही आणि तुमच्यासारखे स्वयंसेवक मात्र आपली सुट्टी खर्चून, स्वतःच्या पैशाने येऊन, पंधरा-पंधरा दिवस परक्यांची भांडी घासता. दाराशी एक पेटी, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं टाकावं, कुणी न टाकलं तर विचारणारं कुणी नाही. ज्यांनी पूर्ण पैसे घेतले त्यांनी आम्हाला पावसात सोडलं, आणि जिथे दरपत्रकच नव्हतं तिथे आमचे बूट वाळले. मी हे घरी सगळ्यांना सांगते. आमच्या पॅरिशच्या बैठकीत सांगितलं, भावकीत सांगितलं, शेजारच्या वारकरी काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘त्या माउलीला माझा नमस्कार कळव.’ तो इथे कळवतेय.

मला शिकवलेल्या सगळ्या प्रवचनांत येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट आहे. पुण्य गुरुवारी आमच्या चर्चमध्ये दरवर्षी बारा जणांचे पाय धुतले जातात, सगळा गाव बघत असतो, आणि ते योग्यच आहे. पण कुणी बघत नसताना, रात्री दोन वाजता, बारा बुटांतला कागद बदलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. माणसं अशी असतात, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं. त्याबद्दल तुमचे उपकार मी विसरणार नाही.

सांतियागोला कॅथेड्रलमध्ये पुतळ्याच्या मागच्या पायऱ्या चढून यात्रेकरू संताला मिठी मारतात. मावशींची पाळी आली तेव्हा त्या जरा जास्तच वेळ थांबल्या, मागची रांग खोळंबली. खाली उतरल्यावर सांगत होत्या की सगळ्यांची नावं घेत होते. काकांचं, मुलांचं, नातवंडांचं, आमच्या फादरांचं. आणि तुमचं. तुमच्या नावाचा उच्चार नीट येत नव्हता म्हणून दोनदा घेतलं.

२०२७ मध्ये २५ जुलै रविवारी येतोय, म्हणजे सांतियागोचं पवित्र वर्ष. आमच्या पॅरिशमधून आणखी एक लहान गट न्यायचं चाललंय. माझ्या पुतणीने स्पॅनिश शिकायला घेतलंय. ती आमच्याबरोबर चालली होती, त्यामुळे ओस्पितालेरा व्हायचं प्रशिक्षण तिला घेता येईल. तिला तुमच्यासारख्या कुणाच्या हाताखाली पंधरा दिवस काम करायचंय. मावशी म्हणतात त्याही येणार, गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणतात ते बघू. तुम्ही त्या वर्षी कुठल्या गावात, कुठल्या पंधरवड्यात असाल ते कळवा. मुक्काम आम्ही त्याप्रमाणे ठरवू, आणि यावेळी मध्ये कुणी एजंट असणार नाही. सुकेळी जास्त आणतो.

तुमची,
आगाशीची एक यात्रेकरू