उतरलेला सूर ओळखणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

अमळनेर तालुक्यातील एका शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे गृहस्थ, एवढीच आपली ओळख घेऊन आपण दोन वर्षांपूर्वी आपल्या वहिनींसह माझ्या बाह्यरुग्ण विभागात आलात. "काळी चारमध्ये गाणारी बाई वर्षभरात पांढरी चारवर उतरली, हे नुसते वय नव्हे," असे आपण शांतपणे म्हणालात; म्हणजे पेटीवर त्यांची गाण्याची पट्टी खाली आली होती. त्याआधी दोन वेळा मीच त्यांना तपासले होते आणि थकवा व अंगदुखी एवढे ऐकून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. "मना आवाज जाडा व्हई गया," हे त्यांनी दोन्ही वेळा सांगितले होते. माझ्या कानांनी ते ऐकले, पण मी ते घेतले नाही. त्या दिवशी केलेल्या रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक (हार्मोन), फार वाढलेले निघाले; थायरॉइड मंदावल्याची ती खूण. थायरॉइडचा स्राव कमी पडला की स्वरतंतूंना सूज येते, आवाज जाड आणि खालचा होतो, हे मी कित्येक वर्षे शिकवत आलो आहे, आणि तरीही ते ओळखले एका पेटीवादकाने. हा सारा वृत्तांत वहिनींच्या परवानगीने लिहीत आहे.

त्या लाजेतूनच मी आपल्याला आमच्या महाविद्यालयात येण्याची विनंती केली. आपण मानधनाचा विषय काढू दिला नाहीत आणि दोन वर्षे दर महिन्याच्या एका शनिवारी एसटीने येत राहिलात. त्याबद्दलचे आभार मी तोंडी अनेकदा मानले, पण आपण नेमके काय दिलेत हे लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते.

पहिल्या शनिवारी आपण मुलांना एकमेकांचा डोळा काढायला सांगितलात. सगळ्यांनी बुबुळ पूर्ण गोल काढले. आपण फळ्याजवळ न जाता प्रत्येकाच्या बाकाशी थांबलात आणि म्हणालात, "डोळा काढू नका, वरची पापणी बुबुळावर कुठे टेकते तेवढेच काढा." तासाभराने वर्गातील प्रत्येकाला कळले की निरोगी माणसाच्या बुबुळाची वरची कड पापणीखाली मिलिमीटर-दोन मिलिमीटर झाकलेली असते. त्यानंतर मी ग्रेव्हज आजाराच्या, म्हणजे थायरॉइडचा स्राव फार वाढलेल्या, रुग्णाचे छायाचित्र दाखवले. बुबुळाच्या वर पांढऱ्याची एक बारीक पट्टी होती आणि ती मागच्या बाकावरूनही मुलांना दिसली. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी या आजाराचे वर्णन 1835 मध्ये केले, हे माझे विद्यार्थी पाठ करतातच. पण जी पापणी त्यांनी स्वतः चुकीची काढून खोडली होती, ती ते आयुष्यात विसरणार नाहीत.

आपली जुनी चित्रवही आपण आणलीत तो दिवस मला विशेष आठवतो. धडगाव तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. तिथल्या आठवडे बाजारात तरुणपणी काढलेल्या रेखाटनात एक बाई मिरच्यांच्या ढिगामागे बसलेली आहे आणि तिच्या गळ्यातील चांदीचा दागिना एका बाजूला कलला आहे. "दागिना सरळ का बसत नाही ते तेव्हा कळले नाही, दिसले तसे काढले," असे आपण सांगितले. तो गलगंड होता. सातपुड्याकडील भागात आयोडीनच्या कमतरतेमुळे असे गळे दिसत असत. गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, पुढे घरोघरी आयोडीनयुक्त मीठ पोचले. नाव ठाऊक नसतानाही हात खरे काढू शकतो, हे त्या पानावर मुलांनी पाहिले. आम्ही डॉक्टर बहुधा याच्या उलट वागतो: नाव आधी उच्चारतो आणि मग त्या नावाला जुळेल तेवढेच बघतो.

रिबेरा या चित्रकाराने 1631 मध्ये नेपल्स येथे काढलेले माग्दालेना व्हेन्तुरा या दाढी असलेल्या स्त्रीचे चित्र पडद्यावर आले तेव्हा वर्गात हसू फुटले. आपण रागावला नाहीत. "आधी हात बघा, मग बाळ बघा, मग मागे अंधारात उभा असलेला नवरा बघा आणि चेहऱ्याकडे शेवटी या," एवढेच आपण सांगितले, आणि चेहऱ्यापर्यंत पोचेतो वर्ग गप्प झाला होता. वयाच्या सदतिसाव्या वर्षी तिला दाढी येऊ लागली, असे त्या चित्रातील शिलालेखावर नोंदवले आहे. पुरुषी संप्रेरके वाढण्याची कारणे मी त्यानंतर शिकवली. पण त्या आठवड्यात बाह्यरुग्ण विभागात आलेल्या एका मुलीने हनुवटीवरचा स्कार्फ काढला नाही, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीने आधी पडदा ओढला, खुर्ची जवळ घेतली आणि मगच विचारले. आपल्या उन्हात सगळ्याच मुली स्कार्फ बांधतात, म्हणून त्यामागे काही लपवले जात असेल हे आमच्या लक्षातच येत नसे.

आता संगीताविषयी. मेंदूच्या तळाशी असलेली आणि टीएसएच सोडणारी पियुषिका आणि गळ्यातील थायरॉइड या ग्रंथींचे नाते मी आकृतीतील बाणांनी शिकवत असे आणि मुले परीक्षेत ते बाण उलटे काढत. आपण ते भजनाने शिकवलेत. बुवा म्हणजे पियुषिका आणि टाळकरी म्हणजे थायरॉइड. टाळकऱ्यांचा आवाज चढला की बुवा आपला आवाज आवरतो, ते मंदावले की बुवा चढवतो. मग आपण टाळकऱ्यांना ओठ मिटायला लावले आणि बुवा झालेला मुलगा आपोआप ओरडू लागला. ही वहिनींची अवस्था: थायरॉइडचे संप्रेरक थायरॉक्सिन कमी आणि टीएसएच वाढलेले. पुढे बुवालाच गप्प केलेत, तेव्हा दोन्ही आवाज पडले आणि दोष वरच्या ग्रंथीत असला की रक्ताचा अहवाल कसा दिसतो ते कोणाला सांगावे लागले नाही.

माझ्या मते आपले सर्वांत मोलाचे शिक्षण दोन टाळांच्या आघातांमधल्या जागेचे होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस प्रजननाचे संप्रेरक संथ धारेने सोडत नाही, ठोक्याठोक्याने सोडतो, साधारण साठ ते नव्वद मिनिटांनी एकदा. तेच संप्रेरक अखंड देत राहिल्यास पियुषिका प्रतिसाद देणे थांबवते. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगात आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांमध्ये हीच गोष्ट औषध म्हणून वापरली जाते. जास्त दिल्याने कमी कसे होते, या प्रश्नावर दरवर्षी मुले अडत. आपण एका मुलाला मिनिटभर टाळ न थांबता किणकिणवायला सांगितले आणि बाकीच्यांना अभंग म्हणायला. तिसऱ्या ओळीला सगळे गळे थांबले. "आवाज आहे, पण ठेका कुठे आहे?" असे आपण विचारलेत. त्यानंतर त्या तुकडीतील कोणीही त्या प्रश्नावर अडलेले मी पाहिले नाही.

वहिनींना गोळ्या सुरू होऊन दोन वर्षे होत आली. गेल्या एकादशीला त्या काळी तीनमध्ये गायल्या, हे आपण फोनवर कळवलेत, आणि काळी चार अजून लांब आहे हेही प्रामाणिकपणे सांगितलेत. मी ते त्यांच्या केसपेपरवर टीएसएचच्या आकड्याशेजारी लिहून ठेवले आहे.

आपल्या पहिल्या शनिवारच्या वर्गातील एक मुलगी आता नंदुरबार जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. मागच्या महिन्यात तिने एका रुग्णाला माझ्याकडे पाठवले. चिठ्ठीत नाडीचे ठोके, वजनातील घट आणि हातांची थरथर लिहिली होती आणि खाली निळ्या पेनाने एक डोळा काढला होता, बुबुळावर बरोबर पांढरी पट्टी सोडून. तपासणीचा अहवाल नंतर आला आणि तिचे निदान बरोबर ठरले. रुग्णाचे नाव झाकून त्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडत आहे. खालच्या पापणीची रेघ मला थोडी जड वाटते. ती मुलगी पुढच्या शनिवारी मुद्दाम आपल्याला भेटायला येणार आहे, तेव्हा तिला ही रेघ कशी हलकी करायची ते दाखवावे.

आपला कृतज्ञ,
वैद्यकशास्त्राचा एक शिक्षक, धुळे