शतके सहा, पाच नव्हेत

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ग्रंथालयाने जपलेल्या क्रीडा इतिहासावरचा लेख वाचला. दोनदा वाचला. इंदूरच्या होळकर क्रिकेट संघाने १९४६ साली रणजी सामन्यात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, हे बरोबर. पण त्या डावात ‘पाच शतके’ झाली, हे कुठून आणले? शतके सहा: भांडारकर, सरवटे, जगदाळे, खुद्द सी. के. नायडू (वय वर्षे ५०), निंबाळकर आणि प्रतापसिंह. सहा शतके हाच तर त्या डावाचा विक्रम. त्यातले एक तुम्ही खाल्लेत.

ते कसे खाल्ले गेले, हे छायाचित्र पाहून कळले. खाली ओळ आहे, ‘अज्ञात क्रिकेटप्रेमीची जिवापाड जपलेली वही’. हा अज्ञात इसम म्हणजे आमचे अण्णाकाका. तेव्हा ते मॅट्रिकला होते. चौकार लाल पेन्सिलीने, बाकीच्या धावा निळ्या. पान संपले तरी होळकरांचा डाव संपेना, म्हणून आजीकडून कणकेची खळ शिजवून घेऊन त्यांनी पानाच्या तळाशी जादा कागदाची पट्टी डकवली. प्रतापसिंहाच्या बरोबर शंभर धावा त्या पट्टीवर होत्या. छायाचित्रात पट्टी नाही. तिच्या जागी कसरीने चाळण केलेली पिवळी रेघ तेवढी आहे. आपल्या प्रतिनिधीने उरले ते मोजले, त्यांचा फारसा दोष नाही.

वह्या मीच नेऊन दिल्या होत्या. अकरा. ग्रंथालयाचे नाव आपण छापलेच आहे, मी पुन्हा घेत नाही. काउंटरवरच्या गृहस्थांनी दाखल रजिस्टर उघडले. प्रकाशक? नाही. आवृत्ती? एकच. किंमत? मी म्हटले, अमूल्य लिहा. ते म्हणाले, ‘काका, आकड्यात सांगा.’ शेवटी ‘संकीर्ण कागद, नग ११’ अशी नोंद झाली. कोणाच्या वह्या, कोणी दिल्या, याला रकानाच नव्हता. पावती ‘नंतर या’. पावसाळा संपल्यावर गेलो तेव्हा वह्या माळ्यावर, गळक्या खिडकीखाली. म्हटले, कोरड्या कपाटात तरी हलवा, स्कॅनिंगचा खर्च मी देतो. साहेबांची परवानगी लागेल म्हणाले. पुढच्या खेपेला साहेबच बदलले होते.

जुने कागद ग्रंथालयांनी सांभाळावेत हे आपले म्हणणे मलाही मान्य आहे. म्हणूनच तर घरच्या कपाटातून काढून दिले, नाहीतर माझ्या सुनेने त्यांना डांबराच्या गोळ्या घालून नीट ठेवले होते.

जाता जाता. इंदूरचे सरवटे बसस्थानक वरच्या शतकवीर चंदू सरवट्यांच्या नावाचे आहे, असेही त्याच लेखात आहे. ते नाव तात्यासाहेब सरवट्यांचे, संविधान सभेचे सदस्य होते ते. चंदू सरवट्यांनी त्याच १९४६ साली लंडनच्या ओव्हलवर शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीला २४९ धावा केल्या, त्यांना उसन्या बसस्थानकाची गरज नाही. आणि ‘जगदाले’ म्हणजे कोण? इंदुरात राहून आमचा ळ निम्मा गेलाच आहे, मराठी वर्तमानपत्राने तरी उरलेला ठेवावा.

दुरुस्ती छापावी. काकांचे पूर्ण नाव सोबतच्या चिठ्ठीवर दिले आहे, ‘अज्ञात’च्या जागी ते घालावे. आपल्या प्रतिनिधीला माळ्यावर जाऊ देतात असे दिसते, तर त्यांनी एकदा खिडकीखाली पाहावे. पट्टी वीतभर लांब आहे, कडेला लाल पेन्सिलीच्या खुणा. सापडली तर निरोप द्यावा, मी येऊन घेऊन जाईन. तिची नोंद कुठेच नाही, तेव्हा साहेबांची परवानगीही लागू नये.

आपला,
एक जुना वर्गणीदार
रामबाग, इंदूर