ॲडम गुड्सविषयी

सिडनी

प्रिय मंदार,

स.न.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये तुला सगळ्यात मोठा कोण वाटतो, असं तू विचारलंस. माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे: ॲडम गुड्स. इथे बरेच जण वाद घालतील, घालू देत.

ॲडम आदिवासी आईचा मुलगा. आईला लहानपणीच सरकारने घरच्यांपासून तोडलं होतं. हा पोरगा आधी सॉकर खेळायचा. 1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सिडनी स्वान्स या क्लबने त्याला घेतलं, तेही 43 व्या क्रमांकावर. पुढे त्याच क्लबकडून तो 372 सामने खेळला आणि 2005 व 2012 अशी दोन विजेतेपदं मिळवली. 2012 ची फायनल मेलबर्नच्या एमसीजीवर झाली. गुडघ्याचा अस्थिबंध दुखावलेला, पाय धड टेकत नाही, तरी गडी बाहेर गेला नाही. शेवटच्या सत्रात गोलही मारला. स्वान्स दहा गुणांनी जिंकले.

2003 आणि 2006 साली त्याला ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, मिळालं. या पदकासाठी मतं देतात मैदानावरचे पंच, आणि त्या मोसमात निलंबन झालेल्या खेळाडूला ते मिळतच नाही. हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढे त्याची हुर्यो उडवणारे म्हणायचे, आम्ही रंगाबद्दल बोलत नाही, तो फ्री किकसाठी नाटकं करतो म्हणून आम्ही ओरडतो. मला हे कधीच पटलं नाही. हा माणूस 1999 पासून खेळत होता, मग हुर्यो इतक्या उशिरा का सुरू झाली?

2013 च्या मे महिन्यात एमसीजीवर एका तेरा वर्षांच्या मुलीने त्याला माकड म्हटलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवून सुरक्षारक्षकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र, तिला दोष देऊ नका, तिला आधार द्या, असं तोच म्हणाला. 2014 मध्ये तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला, हा इथला राष्ट्रीय सन्मान, आणि वर्णद्वेषाबद्दल उघड बोलत राहिला. 2015 च्या मे महिन्यात कार्लटन संघाविरुद्ध गोल मारल्यावर प्रेक्षकांपुढे त्याने आदिवासी युद्धनृत्याच्या चार पावलांवर भाला फेकल्याचा आविर्भाव केला. त्यानंतर तर हुर्योने कळस गाठला. चेंडू त्याच्या हातात आला की हजारो लोक एकसुरात ओरडायचे.

शेवटी तो काही दिवस रजेवर गेला. त्या आठवड्यात एससीजीवर, म्हणजे स्वान्सच्या सिडनीतल्या मैदानावर, तिसऱ्या सत्राच्या सातव्या मिनिटाला लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. त्याचा जर्सी क्रमांक 37, म्हणून ती वेळ. तो स्वतः मैदानावर नव्हताच.

त्याच सप्टेंबरमध्ये तो निवृत्त झाला. निवृत्त खेळाडूंना फायनलच्या दिवशी निरोपाची फेरी मारायला मिळते, ती त्याने घेतली नाही. स्पर्धा चालवणाऱ्या लीगने (एएफएल) माफी मागितली ती 2019 मध्ये, आणि 2021 ला हॉल ऑफ फेमचा मान देऊ केला तेव्हा त्याने नकार दिला. अगदी बरोबर केलं त्याने. ज्यांनी वेळेवर तोंड उघडलं नाही, त्यांच्या हारतुऱ्यांना त्याने मान का वाकवावी? आता स्वान्समधला जुना साथीदार मायकेल ओ'लॉफलिन याच्यासोबत उभारलेल्या संस्थेतून तो आदिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देतो.

2012 ची फायनल नक्की बघ, आणि कसा वाटला ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अभय