डॉल्फिनची हमी मागण्यापेक्षा ओहोटीची वेळ विचारा

संपादक महोदय,

दिवाळीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत देवबाग-तारकर्लीला डॉल्फिन पाहायला येणाऱ्यांची रीघ असते. ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ अशी बोली अनेक ठिकाणी चालते आणि पर्यटकांनाही ती फायद्याची वाटते. आमच्या मते या फेरीतले बरेच धोके याच बोलीतून जन्मतात.

पैसे हातचे जाऊ नयेत म्हणून, लांबवर पाठीचा पर दिसला की बोट सुसाट तिकडे वळते. मागोमाग आणखी चार बोटी. फायबरच्या लहान बोटीत दहा माणसे म्हणजे सहा-सातशे किलो वजन. ती सगळी मोबाइल काढून एका कडेला उभी राहिली आणि त्याच वेळी तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) वळण घेतले, की ती कड पाण्याला टेकते. आत आलेले पाणीही त्याच बाजूला धावते, मग बोट सावरत नाही. एवढे करून डॉल्फिन दिसतोच असेही नाही. आपल्याकडे किनाऱ्यालगत बहुतेक वेळा दिसतो तो पाठीवर कुबड असलेला हंपबॅक डॉल्फिन. खाडीमुखाजवळच्या उथळ पाण्यात मासे धरणारा हा प्राणी पाठलाग झाला की बुडी मारून भलतीकडेच वर येतो. इंजिन मंद ठेवून, एकाच वेगाने, त्याच्या बाजूबाजूने गेले तर तो जास्त वेळ दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या नियमावलीत बोटीने डॉल्फिनपासून ५० आणि व्हेलपासून १०० मीटर लांब राहायचे असते, आणि सभोवतालच्या पट्ट्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत. आपल्याकडेही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात डॉल्फिन आहे. तेव्हा ‘अजून जवळ घ्या’ असा धोशा लावू नये आणि पैसे फेरीचे द्यावेत.

खरी चौकशी करायची ती पाण्याची. देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते, आणि अशा मुखाशी वाळू साचून पाणी उथळ होते. ओहोटीला खाडीचे पाणी जोराने बाहेर पडते, समोरून लाटा आत येतात. दोन्हींची गाठ पडली की लाट आखूड आणि उभी होऊन तिथेच फुटते. भरतीला हीच जागा शांत असते. म्हणून जाताना काय होते यावर परतीचा अंदाज बांधू नये. भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीला तीनने गुणून चारने भागायचे. पौर्णिमेला १५ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे साधारण सव्वाअकराला पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. त्या दिवशी सकाळची फेरी चढत्या पाण्यात होते. दुपारी दोन-तीनला परतणारी बोट मात्र ऐन ओढीत मुखाशी येते, आणि तोवर खारा वाराही वाढलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेला ओढ सर्वांत जोराची. सकाळी सात-आठला मतलई वारा असतो, पाणी सपाट असते आणि डॉल्फिनचा पर लांबूनही ओळखू येतो. किनाऱ्यावरूनच लाटांचे पांढरे फेस दिसत असतील तर लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघू नये.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. तरीही लाइफ जॅकेट फोटोपुरते घालून काढणारे रोज दिसतात. जॅकेटचे सगळे बंद लावल्यावर दुसऱ्याने ते खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते पाण्यातही डोक्यावरून निघेल. मुलांना त्यांच्याच मापाचे, मांड्यांमधून पट्टा जाणारे जॅकेट मागा. जॅकेटवर बसू नका, दाबून दाबून आतला फोम चपटा होतो आणि तरंगण्याची ताकद कमी होते. ओढणी किंवा पदर जॅकेटच्या आत खोचून घ्यावा.

चढताना गुडघाभर पाण्यातून जावे लागते. मोठ्या लाटा ओळीने येतात, त्या गेल्यावरच चढावे, आणि इंजिनाच्या बाजूने कधीच नाही. बोट आणि किनारा यांच्या मध्येही उभे राहू नये. तांडेलाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेली आहे का, ते जरूर पाहा. तो पाण्यात पडला तर या दोरीनेच पंखा थांबतो.

पुढची जागा सगळ्यांना हवी असते, पण लाटेवर आपटते ती नाळच, म्हणजे बोटीचे पुढचे टोक. पाठीचे दुखणे असलेल्यांनी आणि वयस्करांनी मागच्या निम्म्यात बसावे. तिथे मणक्याला कमी हादरे बसतात. गर्भवतींनी ही फेरी टाळलेलीच बरी. मळमळही मागे-मध्ये कमी होते. अगदी शेवटच्या फळीवर मात्र पेट्रोलचा धूर येतो. ज्यांना बोट लागते त्यांनी एव्होमीनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी तास-दोन तास घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळीने झोप येते, त्यामुळे परतताना घाटातून गाडी दुसऱ्याने चालवावी. उपाशीपोटी किंवा मिसळ चापून बसू नये, दीड तास आधी दोन घावणे पुरतात. मळमळू लागले की मोबाइल खिशात टाकून क्षितिजाकडे पाहावे. उलटी करायचीच तर वारा पाठीमागून येईल अशा कडेला, बसूनच.

महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रत्येक धक्क्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा, बोटीगणिक परवाना क्रमांक आणि माणसांची मर्यादा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फळ्यावर खडूने लिहिला तरी चालेल. फक्त तो रोज सकाळी पहिली बोट सुटण्याआधी लिहिला जावा.

आपले,
काही वाचक, मालवण